भट्टी बंद झाल्यानंतरचं पाणी

अणुवीज केंद्रात अपघात झाला म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्फोट उभा राहतो. भट्टी हाताबाहेर गेली, थांबवता आली नाही आणि फुटली, असं ते चित्र. चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ च्या रात्री साधारण तसंच घडलं. पण थ्री माइल आयलंड (अमेरिका, १९७९), नरोरा (१९९३) आणि फुकुशिमा (जपान, २०११) या तिन्ही ठिकाणी भट्टी वेळेवर बंद झाली होती. साखळी प्रक्रिया रोखणारे दांडे आत गेले, ती प्रक्रिया थांबली, आणि खरा प्रसंग त्यानंतर ओढवला. म्हणून आज भट्टी बंद झाल्यानंतरच्या तासांबद्दल लिहितो आहे, आणि त्या तासांनी मागे ठेवलेल्या वर्षांबद्दल. नरोराची रात्र जरा सविस्तर सांगतो. ती आपल्या देशातली आहे आणि तिच्याबद्दल मराठीत क्वचितच वाचायला मिळतं.

आधी उष्णतेचं गणित, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. युरेनियमचा अणू फुटला की त्याचे दोन तुकडे होतात. हे तुकडे स्वतः किरणोत्सारी असतात, त्यांचं विघटन चालू राहतं आणि त्यातून उष्णता निघत राहते. दांडे टाकून नवे अणू फुटणं थांबवता येतं, पण आधीच तयार झालेल्या तुकड्यांचं विघटन कोणाच्याच हातात नसतं. चुलीतली लाकडं ओढून घेतली तरी राखेखाली निखारे धगधगत राहतात, तसंच हे. पण निखाऱ्यांवर पाणी ओतलं तर ते विझतात. इथे पाणी फक्त उष्णता वाहून नेतं, विझवत काहीच नाही. केंद्रात काम करणारे या उष्णतेला ‘डिके हीट’ म्हणतात.

बंद झाल्या क्षणी ती भट्टीच्या औष्णिक शक्तीच्या ६ ते ७ टक्के असते, तासाभराने साधारण दीड टक्का आणि दिवसाने अर्धा टक्का. टक्के ऐकून ती किरकोळ वाटते. नरोराची भट्टी २२० मेगावॉट विजेची. अपघाताच्या वेळी ती सुमारे १८५ मेगावॉटवर चालली होती, म्हणजे भट्टीतली उष्णता ६४० मेगावॉटच्या आसपास. त्याचे ७ टक्के म्हणजे ४५ मेगावॉट: २ किलोवॉटचे बावीस हजारांहून जास्त गीझर एकाच खोलीत चालू असावेत, तेवढी उष्णता. तासाभराने साडेनऊ मेगावॉट.

आता ही उष्णता वाफेवाटे बाहेर काढायला किती पाणी लागेल? एक किलो पाणी साध्या तापमानापासून उकळून त्याची पूर्ण वाफ करायला अडीच मेगाज्यूल लागतात. साडेनऊ मेगावॉटला सेकंदाला पावणेचार किलो, तासाला १३ ते १४ टन. उन्हाळ्यात आपल्या गावागावांत फिरणारा पाण्याचा टँकर दहा हजार लिटरचा असतो. म्हणजे तासाला दीड टँकरसुद्धा नाही. दिवसाने तर तासाला अर्धा टँकर पुरतो. हे गणित पहिल्यांदा करून पाहणारा प्रत्येक जण चकित होतो. एवढं थोडं पाणी वेळेवर योग्य जागी पोचलं नाही, म्हणून फुकुशिमात तीन भट्ट्या वितळल्या आणि दीड लाखाहून जास्त माणसांना घरं सोडावी लागली.

नरोरा उत्तर प्रदेशात, बुलंदशहर जिल्ह्यात गंगेकाठी आहे. ३१ मार्च १९९३, पहाटेचे साडेतीन. पहिल्या युनिटच्या टर्बाइनच्या कमी दाबाच्या भागातली, शेवटच्या टप्प्यातली दोन पाती धातूला थकवा आल्याने तुटली. मिनिटाला ३००० फेऱ्या घेणाऱ्या चाकाचा तोल एका बाजूने गेला आणि सगळा दांडा थरथरू लागला. त्याच दांड्याला जोडलेला जनरेटर हायड्रोजन वायूने थंड ठेवतात. हायड्रोजन हलका असतो, फिरण्याला त्याचा अडथळा कमी होतो आणि उष्णताही तो चांगली वाहून नेतो. तो बाहेर पडू नये म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना दाबाखालच्या तेलाचं सील असतं. थरथरण्याने ही सील गेली, हायड्रोजन बाहेर येऊन पेटला. बेअरिंगला जाणाऱ्या वंगण तेलाचे पाइप फुटले आणि तेलही पेटलं.

कंट्रोल रूममधल्या लोकांनी ३९ सेकंदांत भट्टी हाताने बंद केली. त्याहून महत्त्वाचा दुसरा निर्णय लगेच घेतला गेला: वाफ थेट आकाशात सोडणारे व्हॉल्व्ह उघडून भट्टी झपाट्याने थंड करायला घेतली. या एका निर्णयाने पुढचे सतरा तास निभावले असं माझं मत आहे. त्याचं कारण थोडं पुढे येईल.

आग तिथेच थांबली नाही. तेलाच्या आगीने केबलचे ट्रे धरले आणि केबलच्या आवरणावरून ती धावत गेली. केंद्रात विजेचे चार दर्जे असतात: बाहेरच्या ग्रिडची वीज, डिझेल जनरेटरची, बॅटरीवरून मिळणारी अखंड एसी आणि बॅटरीची डीसी. कागदावर ते चार वेगळे आधार. पण या सगळ्यांच्या केबल काही ठिकाणी एकाच वाटेने, एकमेकींना चिकटून जात होत्या. डिझेल असून उपयोग काय, जर त्याची वीज पंपापर्यंत नेणारी आणि त्याला हुकूम देणारी केबलच जळाली? काही मिनिटांत संपूर्ण युनिट अंधारात गेलं. पुढचे सतरा तास तशीच स्थिती राहिली. व्यवहारात याला ‘स्टेशन ब्लॅकआउट’ म्हणतात. जगातल्या अणुवीज केंद्रांच्या इतिहासात फुकुशिमापूर्वी इतका लांबलेला ब्लॅकआउट क्वचितच झाला असेल.

त्यात कंट्रोल रूममध्ये धूर शिरला आणि लोकांना ती सोडावी लागली. अशा वेळेसाठी दुसरी, छोटी आणीबाणीची खोली असते, पण तिथल्या काट्यांनाही वीज नव्हती. भट्टीत किती तापमान आहे, दाब किती आहे, काहीच दिसत नव्हतं.

मग माणसांनी हाताने करण्याजोगी दोन कामं केली. पहिलं बोरॉनचं. भट्टी थंड होत गेली की काही काळाने साखळी प्रक्रिया पुन्हा डोकं वर काढू शकते. दांडे आत होतेच, तरी खात्री करायला काटे नव्हते. म्हणून टॉर्चच्या उजेडात भट्टीच्या इमारतीत चढून बोरॉनयुक्त द्रावणाचे व्हॉल्व्ह हाताने उघडले गेले. हे द्रावण उंचावरच्या टाकीतून गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं, पंप लागत नाही. बोरॉन अणू फोडणारे न्यूट्रॉन कण गिळतो, त्यामुळे ती बाजू निश्चिंत झाली.

दुसरं काम पाण्याचं. केंद्रात आग विझवण्यासाठी डिझेल इंजिनवर चालणारे पंप असतात. त्यांचं इंजिन स्वतःच्या बॅटरीवर सुरू होतं, केंद्राच्या विजेशी त्याचा संबंध नसतो. हे पंप चालू करून आगीसाठी ठेवलेलं पाणी स्टीम जनरेटरमध्ये, म्हणजे भट्टीच्या उष्णतेने वाफ तयार होते त्या भांड्यांत, घालण्यात आलं.

इथे त्या पहिल्या निर्णयाचं महत्त्व कळतं. चालू असताना स्टीम जनरेटरच्या वाफेच्या बाजूचा दाब चौरस सेंटिमीटरला ४० किलोच्या आसपास असतो. आगीच्या पंपाचा दाब त्यापुढे तोकडा. वाफ आधीच आकाशात सोडून दाब उतरवला नसता, तर पंप कितीही जोरात चालला असता तरी पाणी आत गेलं नसतं. दाब उतरवा, मग पाणी घाला. हा क्रम चुकला की बाकी सगळी मेहनत वाया.

उरलेलं काम निसर्गाने केलं. आपल्या जड पाण्याच्या (साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या) भट्ट्यांत स्टीम जनरेटर इंधन असलेल्या गाभ्यापेक्षा वरच्या पातळीवर असतात. इंधनाजवळ तापलेलं जड पाणी हलकं होऊन वर चढतं, स्टीम जनरेटरमध्ये उष्णता सोडून थंड होतं आणि जड होऊन खाली येतं. पंप बंद असतानाही हे चक्र फिरत राहतं. याला थर्मोसायफन म्हणतात. छतावरच्या सौर बंबात टाकी पॅनेलच्या वर का बसवतात, त्याचं कारणही हेच. नरोराला गाभा याच चक्रावर थंड राहिला. आग दीड तासात आटोक्यात आली, इंधनाला इजा झाली नाही, किरणोत्सार बाहेर पडला नाही. आंतरराष्ट्रीय सात पातळ्यांच्या मापावर या घटनेला तिसरी पातळी मिळाली. युनिट पुन्हा सुरू व्हायला दीड वर्षाहून जास्त काळ लागला.

पुढे देशभरात काय बदललं? त्या प्रकारच्या टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातल्या पात्यांची रचना बदलली. वेगवेगळ्या आधारांच्या केबल वेगळ्या वाटांनी नेल्या, मध्ये आगरोधक भिंती घातल्या, केबलवर आग न धरणारा लेप चढवला. कंट्रोल रूममध्ये धूर येऊ नये म्हणून हवेच्या मार्गांचा बंदोबस्त केला. यातली केबलची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. १९७५ साली अमेरिकेत ब्राउन्स फेरी केंद्रात हवेची गळती तपासायला धरलेल्या मेणबत्तीने केबलची आग लागली होती. म्हणजे हा धडा जगासमोर अठरा वर्षं आधीच आलेला होता.

आता फुकुशिमा दाइइची. ११ मार्च २०११, जपानी वेळेनुसार दुपारचे २:४६. भूकंप ९.० मॅग्निट्यूडचा. चालू असलेली १, २ आणि ३ ही युनिटं लगेच बंद झाली. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. पाऊण-एक तासाने त्सुनामी आली. केंद्राचा हिशेब पावणेसहा-सहा मीटरच्या लाटेचा होता, पहिल्या चार युनिटांची जमीन समुद्रापासून १० मीटर उंच, आणि पाणी चढलं १४-१५ मीटर. बहुतेक डिझेल जनरेटर टर्बाइन इमारतींच्या तळघरात होते. त्यांना वीज वाटणारे स्विचबोर्डही खालीच. सहाव्या युनिटचा एक जनरेटर हवेने थंड होणारा होता आणि उंचावर होता. तो एकटा चालू राहिला, आणि त्याच्या जोरावर पाचवं-सहावं युनिट तरलं. तिथून १२ किलोमीटरवरच्या फुकुशिमा दाइनी केंद्रात ग्रिडची एक लाइन शाबूत राहिली होती. सुमारे दोनशे माणसांनी एका दिवसात जवळजवळ ९ किलोमीटर जाड केबल खांद्यावर वाहून पंपांपर्यंत अंथरली. चारही भट्ट्या वाचल्या.

दाइइचीच्या पहिल्या युनिटमध्ये आणि नरोरामध्ये एक मूलभूत फरक होता, तो नीट समजून घ्यायला हवा. जड पाण्याच्या भट्टीत इंधनाला लागून वाहणारं पाणी आणि वाफ होणारं पाणी वेगळं असतं. त्यामुळे ती वाफ स्वच्छ असते, बिनधास्त आकाशात सोडता येते. दाइइचीसारख्या उकळत्या पाण्याच्या भट्टीत वाफ इंधनाजवळच तयार होते. दाब उतरवायचा तर ती वाफ तळाशी असलेल्या पाण्याच्या मोठ्या कड्यात सोडावी लागते. ते पाणी तापत जातं, मग बाहेरच्या पोलादी कवचातला दाब वाढतो, मग तो बाहेर सोडावा लागतो, आणि त्याबरोबर किरणोत्सारही. नरोराला जे एका पायरीत झालं त्याला इथे तीन पायऱ्या लागतात, आणि प्रत्येक पायरीवर वीज किंवा दाबाखालची हवा हवी.

पहिल्या युनिटमध्ये मात्र एक जुनी, विजेवर फारशी न विसंबणारी सोय होती: आयसोलेशन कंडेन्सर. भट्टीतली वाफ वरच्या टाकीतल्या नळ्यांत जाते, तिथे थंड होऊन पाणी बनून स्वतःच परत येते. टाकीतलं स्वच्छ पाणी उकळून बाहेर जातं. पालघर जिल्ह्यातल्या आपल्या तारापूरची पहिली दोन युनिटं, १९६९ पासूनची, याच घराण्यातली आहेत आणि त्यांच्यातही हा कंडेन्सर आहे. भूकंपानंतर फुकुशिमात तो आपोआप चालू झाला. पण भट्टी फार वेगाने थंड होऊ लागली तर पोलादावर ताण येतो, म्हणून तासाला ५५ अंशांची मर्यादा पाळायला ऑपरेटर तो उघडत-बंद करत होते. लाट आली त्या क्षणी तो बंद होता. डीसी वीजही बुडाली. त्यातच वीज गेली की गळतीच्या भीतीने त्याचे व्हॉल्व्ह मिटावेत अशी रचना होती. बाहेर थोडी वाफ दिसली म्हणून तो चालू आहे असा समज काही काळ राहिला. हा कंडेन्सर प्रत्यक्ष चालताना तिथल्या कोणी पाहिलेलाच नव्हता. वापरात न येणारी यंत्रणा वर्षातून एकदा तरी खरोखर चालवून, तिचा आवाज आणि वाफ किती असते हे लोकांना दाखवायला हवं. ही मागणी साधी आहे आणि मी ती सोडायला तयार नाही.

रात्री नऊच्या सुमारास तात्पुरत्या बॅटऱ्या जोडून पाण्याच्या पातळीचा काटा जिवंत केला. त्याने दाखवलं: पाणी इंधनाच्या २० सेंटिमीटर वर. प्रत्यक्षात इंधन तोवर उघडं पडून वितळायला लागलं होतं. हा काटा दोन नळ्यांतल्या पाण्याच्या उंचीतला फरक मोजतो. त्यातल्या एका नळीतलं पाणी कायम भरलेलं आहे असं धरलेलं असतं. कवच इतकं तापलं की तेच पाणी उकळून गेलं, आणि काटा वरची पातळी दाखवत राहिला. थ्री माइल आयलंडलाही असाच घात झाला होता. २८ मार्च १९७९ च्या पहाटे दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला. पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती सांगत नव्हता, त्याला बंद होण्याचा हुकूम गेला एवढंच सांगत होता. दोन तास वीस मिनिटांनी कोणीतरी मागचा व्हॉल्व्ह बंद केला, तोवर पाणी वाहत गेलं आणि अर्ध्याच्या आसपास गाभा वितळला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या युनिटमध्ये भट्टीच्याच वाफेवर चालणारे पंप होते. दुसऱ्यातला, नियंत्रण नसताना, जवळजवळ ७० तास चालला. तिसऱ्यातल्या बॅटऱ्या बुडाल्या नव्हत्या. तिथे १३ मार्चच्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास मोठा पंप बिघडेल या भीतीने हाताने बंद केला गेला. डिझेलवरच्या आगीच्या पंपाने पाणी घालायचं ठरलं होतं. पण दाब उतरवणारे व्हॉल्व्ह उघडेनात, कारण बॅटऱ्या तोवर उतरल्या होत्या. भट्टीतला दाब वाढला, त्यापुढे आगीचा पंप निरुपयोगी ठरला, आणि काही तास आत थेंबभर पाणी गेलं नाही. पुन्हा तोच क्रम: दाब आधी, पाणी नंतर. नवी वाट खुली झाल्याची खात्री होण्यापूर्वी जुनी बंद केली गेली.

व्हॉल्व्ह उघडायला मग कर्मचाऱ्यांच्या मोटारींतल्या बॅटऱ्या काढून आणल्या. १२ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की १२० व्होल्ट होतात, तेवढे त्या व्हॉल्व्हला लागतात. काट्यांना २४ व्होल्ट, म्हणजे दोन. शेवटी अग्निशमन बंब लावून पाणी सोडलं, गोडं संपल्यावर समुद्राचं. तरीही पाणी भलतीकडेच मुरत होतं, हे नंतरच्या तपासात उघड झालं. बंबाचं पाणी ज्या पाइपांतून आत जात होतं त्यांना फाटे होते. बंद पडलेल्या पंपांच्या सीलकडे जाणाऱ्या त्या लहान वाटांनी बरंचसं पाणी टर्बाइनच्या कंडेन्सरमध्ये जाऊन साठत राहिलं. बंबावरचा मीटर किती पाणी गेलं ते सांगत होता, कुठे गेलं ते सांगत नव्हता.

स्फोट झाले ते हायड्रोजनचे. इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात. त्या १२०० अंशांच्या वर तापल्या की वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतात आणि हायड्रोजन मोकळा होतो. या क्रियेतूनच आणखी उष्णता निघते, म्हणून ती भडकत जाते. कवचाच्या आत नायट्रोजन भरलेला असल्याने तिथे स्फोट होत नाही. पण दाबाने कवचाच्या झाकणाची सील सुटली, हायड्रोजन वरच्या मजल्यावर गेला आणि तिथे हवा होती. १२ मार्चला दुपारी ३:३६ ला पहिलं युनिट, १४ ला तिसरं. चौथी भट्टी तर रिकामी होती, तिचं सगळं इंधन बाहेर पाण्याच्या टाकीत होतं. तरी १५ ला तिचीही इमारत उडाली, कारण तिसऱ्याचा आणि चौथ्याचा धुराडा सामाईक होता आणि वीज नसल्याने मधल्या झडपा उघड्याच राहिल्या होत्या. दुसऱ्या युनिटच्या भिंतीतला एक पत्रा पहिल्याच्या स्फोटाने निखळला होता. हायड्रोजन तिथून निघून गेला आणि ती इमारत वाचली. पहिल्या स्फोटाने आणखी एक घात केला: कित्येक तास खपून जोडलेली, नुकतीच तयार झालेली तात्पुरती विजेची केबल ढिगाऱ्याने तोडली.

लोकांना हलवताना वर्तुळं आखली गेली: ३ किलोमीटर, मग १० आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २०. वारा वर्तुळ पाळत नाही. १५ मार्चला वारा वायव्येकडे होता आणि पाऊस-बर्फ पडला. हवेतलं किरणोत्सारी सिझियम तिकडच्या डोंगराळ भागात उतरलं. इइताते हे गाव ३० ते ४५ किलोमीटरवर, तरी तिथे ते भरपूर पडलं, आणि गाव रिकामं करण्याचा आदेश एप्रिलच्या उत्तरार्धात निघाला. दुसरीकडे, घाईघाईने हलवलेल्या रुग्णालयांतले आणि वृद्धाश्रमांतले अंथरुणाला खिळलेले म्हातारे तासन्‌तास बसमध्ये, औषधपाण्याविना राहिले आणि कित्येक दगावले. फुकुशिमा प्रांतात स्थलांतर आणि त्यानंतरच्या हालअपेष्टांशी जोडलेले अधिकृत मृत्यू २३०० हून जास्त आहेत. आणीबाणीची योजना वाचताना मी म्हणूनच आधी एक पान शोधतो: ज्यांना चालता येत नाही त्यांना कोण, कोणत्या वाहनाने, कुठे नेणार. ते पान कोरं असेल तर बाकीचे नकाशे काय कामाचे?

आयोडीनच्या गोळीबद्दल थोडं, कारण तिच्याविषयी गैरसमज फार. प्रौढाला १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, मुलांना त्याहून कमी. किरणोत्सारी आयोडीन शरीरात जाण्याच्या जरा आधी किंवा नंतर काही तासांत घेतली तर थायरॉइड साध्या आयोडीनने भरते आणि घातक आयोडीनला जागा उरत नाही. सिझियमपासून ती वाचवत नाही. आयोडीनयुक्त मीठ खाऊन ते प्रमाण गाठता येत नाही, त्याआधी मीठच जीव घेईल.

आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवसांचं, दोन-तीन महिन्यांत ते जवळजवळ संपतं. सिझियम-१३७ चं तीस वर्षांचं. पण ते चिकणमातीच्या कणांना घट्ट धरतं आणि वरच्या थरातच राहतं, म्हणून न नांगरलेल्या शेतातली वरची ५ सेंटिमीटर माती खरवडली की बहुतेक सिझियम निघतं. नांगर फिरला असेल तर ते खोल मिसळतं आणि काम कितीतरी वाढतं. शेतकऱ्याला ही पाच सेंटिमीटर म्हणजे पिढ्यांनी केलेली माती. ती काढल्यावर भराव म्हणून डोंगरातली निकस माती आली. भाताच्या खाचरांत पोटॅशियमचं खत वाढवलं गेलं, १०० ग्रॅम मातीत किमान २५ मिलिग्रॅम पोटॅश राहील इतकं. रोपाला सिझियम आणि पोटॅशियम सारखंच वाटतं, पोटॅशियम मुबलक असलं की ते सिझियम कमी उचलतं. तांदळाची मर्यादा किलोला १०० बेकरेल (म्हणजे सेकंदाला १०० अणूंचं विघटन) ठेवली आणि कित्येक वर्षं प्रांतातलं पोतं न् पोतं तपासलं गेलं. काढलेली माती, सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर, ओकुमा आणि फुताबा या गावांत साठवली आहे. कायद्याने ती २०४५ पर्यंत प्रांताबाहेर न्यायची आहे.

आपल्याकडे समुद्राचा अनुभव आधी आला होता. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुवीज केंद्राच्या पंपघरात पाणी शिरलं. चालू असलेलं दुसरं युनिट सुरक्षित बंद झालं, वीज शाबूत होती आणि आठवड्याभरात ते पुन्हा सुरू झालं. फुकुशिमानंतर आपल्या केंद्रांत बाहेरून पाणी घालण्यासाठी खास जोड बसवले, म्हणजे बंबाचा पाइप आणून थेट लावता येईल असे. नरोराला १९९३ मध्ये हाताशी असलेल्या साधनांनी जे केलं, तेच आता आधीपासून बसवून ठेवलं आहे. या जोडांची कसोटी अंधारात, हातमोजे घालून, मिनिटं मोजून घ्यावी. थ्रेड जुळतो का, व्हॉल्व्हचं चाक गंजलं आहे का, पाइप पुरेसा लांब आहे का, हे कागदावर कळत नाही.

आणि दाइइचीत पाणी अजून संपलेलं नाही. तिन्ही युनिटांच्या तळाशी वितळून गोठलेलं इंधन आणि त्यात मिसळलेलं पोलाद-काँक्रीट सुमारे ८८० टन आहे. डिके हीट आता फारच थोडी उरली आहे, तरी तासाला काही घनमीटर पाणी आत सोडलं जातं. ते इंधनाला लागून बाहेर येतं, त्यात डोंगराकडून येणारं भूजल आणि फुटक्या छतांतून येणारा पाऊस मिसळतो. भूजल अडवायला दीड किलोमीटर परिघात ३० मीटर खोल नळ्या पुरून, त्यांत उणे ३० अंशांचं मिठाचं द्रावण फिरवून जमीन गोठवली आहे. २०१४ साली दिवसाला ५०० घनमीटरच्या वर दूषित पाणी तयार होत होतं, अलीकडे ते १०० च्या खाली आलं. गाळणीतून सिझियम, स्ट्रॉन्शियम आणि इतर बहुतेक द्रव्यं निघतात. ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, निघत नाही, कारण तो पाण्याच्या रेणूतच बसलेला असतो. हजारावर टाक्या भरल्यानंतर २४ ऑगस्ट २०२३ पासून हे पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळून, लिटरला १५०० बेकरेलपेक्षा कमी ट्रिटियम राहील अशा बेताने, सोडायला सुरुवात झाली. वर्षाला २२ टेराबेकरेलची (२२ लाख कोटी बेकरेलची) मर्यादा आहे, त्यामुळे टाक्या रिकाम्या व्हायला दशकं लागतील. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या युनिटमधून वितळलेल्या इंधनाचा पहिला तुकडा बाहेर काढला. लांब, दुर्बिणीसारख्या सरकणाऱ्या दांड्याच्या टोकाला चिमटा होता. तुकड्याचं वजन भरलं ०.७ ग्रॅम.